एका पायावर उभे न राहण्याबाबत

दोन सेकंद

मथळ्यातला आकडा दौलतचा. डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून, नुसत्या उजव्या पायावर तो किती वेळ उभा राहू शकतो, तेवढा. पहिल्या दिवशी दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला त्याने गॅलरीच्या कठड्याला मिठी मारली आणि कठड्यावर वाळत घातलेलं एक लुगडं खाली रस्त्यावर गेलं.

ही गोष्ट आम्ही सांगतोय. आम्ही म्हणजे लालबागमधल्या एका चाळीचा दुसरा मजला. सोळा खोल्या, एक गॅलरी, एक नळ.

दौलत घाडी आमच्यातलाच. जन्माला आला तो आधी पाय, मग बाकीचा. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूचा पाय कमरेला लागला की उसण जाते. हे ज्याला पटत नाही त्याची कमर अजून धरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पद्धत ठरलेली होती. सकाळी, चहाच्या आधी. ज्याची उसण त्याने गॅलरीत भिंतीला हात टेकून ओणवं व्हायचं. दौलतने डाव्या पायावर उभं राहून उजवा पाय त्याच्या कमरेला तीनदा लावायचा. बोलायचं नाही. बदल्यात काही द्यायचं नाही, दिलं की गुण जातो. त्यामुळे आम्ही त्याला कधी काही दिलं नाही. फक्त त्याची आई गंगुबाई नळावर आली की आपापली बादली मागे सारायची. कितीही रांग असो, पहिला हंडा गंगुबाईचा.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर आली तेव्हा दौलतची रांग जिन्यापर्यंत गेली. भिंतीवरून उड्या मारलेले, लाठी चुकवताना वळलेले, गटारात पडलेले. जे परत आले त्यांच्या उसणी. दौलतने सगळ्यांना पाय लावला. काहींना गुण आला. ज्यांना आला नाही ते म्हणाले, आपण आधी चहा घेतला असेल.

आता अठ्ठावन्न साल. मुंबई अजून गुजरातसकट एकाच राज्यात, आम्ही अजून मोर्च्यात. आणि आम्हाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्या कमरा सरळ करणारा तो उजवा पाय घोट्यात वळत होता.

अकरा सेकंद

दौलत परळच्या एका मिलमध्ये बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कोणी आलं नसेल तर त्याच्या जागी काम, सगळे आले असतील तर घरी. सहा वर्षं तो दुसऱ्यांच्या तापावर आणि लग्नांवर जगत होता. कायम होणं हे त्याचं एकच मागणं. त्यासाठी त्याने नवस केला नाही, बास्केटबॉल धरला.

मिलची टीम धैर्यवानसाहेबांनी काढलेली. मनमोहन धैर्यवान, वेल्फेअर ऑफिसर, गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले, खोताच्या वाडीला लागून घर. लढाईच्या काळात बंदरावर उतरलेल्या अमेरिकन सोल्जरांबरोबर आपण बास्केटबॉल खेळलो, असं ते सांगत. सोल्जर काय सांगत, ते कळायला मार्ग नाही. मॅनेजरकडून त्यांनी एक वचन मिळवलं होतं: जो बदली हंगामभर खेळेल आणि फायनललाही मैदानात उभा असेल, तो कायम.

वचन देताना मॅनेजरचं काही जात नव्हतं. मैदान मुरुमाचं, खड्ड्यांचं. मागच्या हंगामात दहांतले सहा लंगडत घरी गेले होते आणि उरलेल्या चारांत एकही बदली नव्हता.

"किती वेळा मुरगळलाय?" धैर्यवानसाहेबांनी दौलतचा पाय हातात घेऊन विचारलं.

"एकदा, साहेब."

"खरं सांग."

"तीनदा."

"एकदा गेलेला घोटा पुन्हा जातो. पाहुण्यासारखा आहे तो, घर ठाऊक झालं की येतच राहतो." त्यांनी खिशातून एक पातळ अमेरिकन पुस्तिका काढली. "दुखापत झाल्यावर सगळेच बांधतात. आपण आधी बांधायचं."

पुस्तिकेत पुष्कळ होतं, पण धैर्यवानसाहेबांनी मराठीत तीन गोष्टी सांगितल्या. खेळताना घोट्याला पट्टा. रोज सकाळी डोळे मिटून कमजोर पायावर उभं राहणं, म्हणजे घोटा आपणहून तोल सांभाळायला शिकतो. आणि उडी मारून खाली येताना दोन्ही पायांवर येणं. पहिल्या दोन दौलतने मनावर घेतल्या. तिसरी त्याला काही जमली नाही, कारण बास्केटबॉलमधली सगळी मजा एका पायावर उडण्यात आहे.

चाळीस सेकंद

ललिता आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत ब्लाउज-परकर शिवायची. जीभ मशीनपेक्षा जलद. दौलतने तिच्यासमोर पुस्तिकेतलं चित्र धरलं. जाड कापडाचा पट्टा, टाच मोकळी, पुढून दोरी ओवून आवळायचा.

"ही तर चोळी आहे," ललिता म्हणाली. "कोणाला शिवायचीय?"

"मला."

"बरं. छाती सांग."

"ललिताताई, चेष्टा नको ना."

"तू म्हणतोस घोट्याला चोळी शिव, आणि चेष्टा मी करते होय? ठेव पाय स्टुलावर."

जाड कापड म्हणून तिने जुन्या खाटेची नवार घेतली, निळ्या काठाची. दोन्ही बाजूंना मोडक्या छत्रीच्या काड्या घातल्या, म्हणजे घोटा आत वळणार नाही की बाहेर. दोरीसाठी मोचीकडून पितळी रिंगा ठोकून आणल्या. पट्टा सकाळच्या मापाला तंतोतंत बसला आणि संध्याकाळी पाय आत जाईना. दिवसभर साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, उभा राहिलेला पाय सकाळचा पाय नसतो, हे अमेरिकन पुस्तिकेत नव्हतं.

"ब्लाउजला मी दोन बोटं सोडते," ललिताने उसवता उसवता सांगितलं. "तुला तीन सोडते. मिल खाऊन सुजतोस तू."

दुसरा पट्टा बसला. दौलत त्यात उडून बघत होता तेवढ्यात दारात गंगुबाई.

"ह्या काय?"

"पट्टा."

"कोणाक?"

"मला. घोटा वळतो, आई."

गंगुबाई उंबऱ्यावरच बसली. "झिला, पंधरा बिऱ्हाडांच्ये कमरे तुझ्या पायावर उभे आसत. तोच पाय वळता म्हणान कळला तर लोकां काय म्हणतली? नळार माका कोण पुढे सोडतलो?"

"त्याला कायम व्हायचंय, गंगुबाई," ललिता म्हणाली.

"होऊंदे की. पण हळूच होऊंदे."

मग हळूच ठरलं. पट्टा डब्याच्या फडक्यात गुंडाळून मिलमध्ये न्यायचा, रंगखात्याच्या मागे बसून बांधायचा, वर लांब मोजा. चाळीला कळता कामा नये. ललिताने कोणाला सांगितलं नाही. म्हणजे त्या वर्षी नाही.

चार मिनिटं

पट्टा लपला, व्यायाम लपेना. दहा बाय बाराच्या खोलीत डोळे मिटून एका पायावर उभं राहिलं तर कोणाच्या तरी ताटात पडणार. म्हणून गॅलरी, म्हणून पहाट.

आप्पांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दौलत चाळीसपर्यंत पोचला होता. आप्पा म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समितीचे आमच्या चाळीतले कार्यकर्ते, फळ्यावर खडूने बातम्या लिहिणारे, मोर्च्यात सर्वांत पुढे आणि उसणीत वर्षातून दोनदा.

"काय रे दौलत, हे काय?"

दौलत आकडे मोजत होता. बोलला असता तर तोल गेला असता. बोलला नाही.

"किती दिवस चाललंय?"

गप्प.

आप्पांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. पायाळू माणूस, पहाटेची वेळ, मिटलेले डोळे, एक पाय, वर मौन. पायाळूला व्यायाम कशाला लागतो? आणि त्या वर्षी लालबागमध्ये कोणी काही सोसत असेल तर ते कशासाठी, हा प्रश्न पडायचंच कारण नव्हतं.

नऊ वाजता खाली फळ्यावर आलं: *आपल्या चाळीचे श्री. दौलत घाडी यांचा संकल्प. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत रोज एका पायावर!*

दौलत धावत खाली. "आप्पा, पुसा ते. मी व्यायाम करतो."

"कशाचा?"

दौलतने वर पाहिलं. नळावर गंगुबाई पहिला हंडा भरत होती, आणि भरता भरता त्याच्याकडेच बघत होती.

"असाच," दौलत म्हणाला. "पायांचा."

"बोलून दाखवायचा नसतोच संकल्प," आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे तुझं मोठेपण."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळे गॅलरीत. तिसऱ्या दिवशी शेजारची चाळ. कोणी हार घातला, कोणी पायाखाली पाट दिला, पण पाट डगमगतो म्हणून परत नेला. आम्ही मोजायचो, मोठ्याने. तो पाय टेकवायला जाई आणि कोणीतरी ओरडे, "अजून!" एका मिनिटाचे दोन झाले, दोनाचे चार. पुस्तिकेत एक मिनिट पुरे असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला चाळ माहीत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर घोटा बळकट झाला. त्या हंगामात दौलत दहाच्या दहा मॅच खेळला आणि घोटा एकदाही वळला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने कोणाचं काय भलं केलं याची यादी कोणी केलीच, तर त्यात हा घोटा घालायला हरकत नाही.

समोरच्या चाळीत मिलचा टाइमकीपर राहायचा. तोही त्याच वेळी गॅलरीत दात घासत उभा असायचा. तो मोजायचा नाही. नुसता बघायचा.

शून्य

फायनलच्या आधी दहा दिवस मॅनेजरने धैर्यवानसाहेबांना बोलावलं.

"तुमच्या टीममध्ये कोणी बाबा आहे म्हणे. मोर्चेवाला. एका पायावर उभा राहतो."

"नाही साहेब, तो व्यायाम आहे. मीच दिलाय."

"तुम्ही?" मॅनेजरने चष्मा काढला. "म्हणजे तुम्हीसुद्धा त्यांच्यात?"

धैर्यवान घराण्याला ते आडनाव कोणत्या पिढीत मिळालं कोण जाणे. ह्या पिढीत ते म्हणाले, "मी त्याच्याकडून लिहून घेतो, साहेब."

पहिला मसुदा असा होता:

*मी एका पायावर उभा राहतो ते माझा उजवा घोटा कमजोर असल्यामुळे. त्याचा संयुक्त महाराष्ट्राशी काही संबंध नाही.*

यात एकही शब्द खोटा नव्हता. मॅनेजरने वाचला आणि पेन्सिल उचलली. कमजोर घोट्याचा माणूस कायम कसा करायचा? पहिलं वाक्य गेलं. आणि संयुक्त महाराष्ट्र हे शब्द मिलच्या फायलीत कशाला हवेत, संबंध नाही असं म्हणायला तरी? दुसरं वाक्य गेलं. खरं ते सगळं काढून टाकल्यावर कागद कोरा राहिला, म्हणून एक नवीन ओळ टाइप झाली:

*मी यापुढे राहत्या चाळीत, मिलच्या आवारात वा सार्वजनिक जागी एका पायावर उभा राहणार नाही.*

"साहेब, पण तुम्हीच—" दौलत म्हणाला.

"कायम व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय."

"मग कर सही आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेव." धैर्यवानसाहेबांनी त्याच्याकडे न बघता टाक पुढे केला. दौलतने सही केली.

पुढच्या पहाटे आम्ही गॅलरीत उभे. दौलतही उभा. दोन्ही पायांवर.

"आज नाही?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"बरं नाही का?"

"लिहून दिलंय, आप्पा."

आप्पा खाली जाऊन ओल्या फडक्याने फळा पुसून आले. थोड्या वेळाने गंगुबाई हंडा घेऊन नळावर आली आणि रांगेत सातवी उभी राहिली. कोणी मुद्दाम केलं नाही. आपलं लक्षच गेलं नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"काय रे, झाली का तुमची देशसेवा?" ललिता बादली आपटून म्हणाली. "तुमच्यातला कोण कोण मिलमध्ये एका पायावर उभा राहतो, त्याने पुढे यावं. त्याच्या मागे लावते मी गंगुबाईंना."

कोणी पुढे आलं नाही. कोणी बादलीही मागे सारली नाही.

एकतीस–एकतीस

हा आकडा दौलतच्या पायाचा नाही, फायनलचा आहे. रविवारी दुपारी, मिलच्या आवारात. आम्ही गेलो होतो. त्याच्यासाठी नाही, मॅच फुकट होती म्हणून. आप्पा मागच्या भिंतीवर चढून बसले. गंगुबाई बायकांत उभी. मॅनेजर पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी धैर्यवानसाहेब, शेजारी टाइमकीपर.

शेवटचं मिनिट, गुण सारखे. दौलतने मधल्यामधे बॉल हिसकावला आणि सुटला. पुढे कोणी नाही, मागे दुसऱ्या मिलचा एक उंच गडी. अशा वेळी काय करायचं हे बास्केटबॉल पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असतं. दोन पावलं टाकायची, एका पायावर उडायचं आणि बॉल वर ठेवायचा. ले-अप.

एका पायावर. मिलच्या आवारात.

आम्हाला हे सगळ्यांना एकदमच सुचलं. धैर्यवानसाहेबांनाही सुचलं असावं, कारण ते खुर्चीतून अर्धे उठले आणि मॅनेजरकडे बघून पुन्हा बसले. भिंतीवरून आप्पा ओरडले, "उड, दौलत! एका पायावर!" लिहून दिल्याला दहा दिवस झाले होते. तरी ते ओरडले, आणि मागून आम्हीही.

दौलत बास्केटखाली आला. एक पाऊल. दुसरं टाकायच्या जागी त्याने दोन्ही पाय एकदम जमिनीत रोवले आणि थांबला.

उंच गडी थांबणाऱ्यातला नव्हता. ले-अप अडवायला तो आधीच हवेत गेला होता. दौलतच्या डोक्यावरून पुढे गेला आणि खड्ड्यात एका पायावर उतरला. तो आवाज आम्ही भिंतीपर्यंत ऐकला. दौलतने सावकाश, दोन्ही हातांनी, लग्नात अक्षता टाकाव्यात तसा बॉल वर टाकला. आत गेला. तेहतीस–एकतीस, आणि शिट्टी.

पुस्तिकेतली तिसरी गोष्ट. धैर्यवानसाहेबांनी हंगामभर सांगून जमली नव्हती, मॅनेजरच्या एका ओळीने जमली.

टाळ्या वाजायला हव्या होत्या. पण थांबताना दौलतचा मोजा घसरला होता आणि सगळ्यांना ते दिसत होतं: निळ्या काठाची नवार, छत्रीच्या काड्या, पितळी रिंगा. पायाळूच्या पायात पट्टा. गंगुबाईने तोंडावर पदर घेतला.

दौलतने मोजा वर ओढला नाही. तो खाली बसला आणि पट्ट्याची दोरी सोडवू लागला. उंच गडी घोटा धरून कण्हत होता. दौलतने त्याच्या कमरेला नाही की पायाला नाही, आपला पाय कुठेच लावला नाही. त्याचा घोटा सरळ धरला, पट्टा चढवला आणि आवळून गाठ मारली.

"बदली?" दौलतने विचारलं.

गडी मान हलवून हो म्हणाला. त्यांच्या मिलमध्ये काय वचन होतं, ते कोणी विचारलं नाही.

मोजलं नाही

मंगळवारी दौलत कायम झाला. बुधवारी पहाटे आप्पा त्याच्या दारात, कमरेत वाकलेले.

"कधी धरली?" दौलतने विचारलं.

"रविवारी. भिंतीवरून उतरताना."

"आप्पा, तुम्ही पाहिलंत ना? माझाच पाय वळतो."

"पाहिलं. वैद्याला ताप आला म्हणून काढे गटारात ओततात का? लाव पाय."

"आणि फळा पुसलात तो?"

"ते राजकारण झालं. ही कमर आहे." आप्पांनी दात आवळले. "लवकर कर रे, चहा घेतलेला नाही अजून."

"गॅलरीत नाही जमणार. लिहून दिलंय."

"मग आत."

आत गंगुबाईची चूल, दोन अंथरुणं, पाण्याचं पिंप. ओणवं व्हायला जागा नव्हती. आप्पांनी आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि गॅलरीच्या भिंतीला हात टेकले.

समोरच्या चाळीत टाइमकीपर दात घासत उभा होता. दौलतने त्याच्याकडे पाहिलं. त्याने दौलतकडे पाहिलं. सहा वर्षं गेटवर उभं राहून मिळालेली नोकरी एक दिवसाची झाली होती.

दौलतने उजवा पाय उचलला.

एकदा लावला. टाइमकीपरचा हात तोंडात थांबला. दुसऱ्यांदा लावला. टाइमकीपर वळून आत गेला, चूळ भरायला की कुठे लिहून ठेवायला, ते आम्हाला इथून दिसलं नाही. तिसऱ्यांदा लावला. मशीन थांबवून ललिता दारात आली होती, हातात अर्धा शिवलेला नवा पट्टा. गंगुबाई हंडा घेऊन निघाली होती ती तिथेच उभी.

नळाच्या बाजूने बादल्यांचा खरखर आवाज आला. आम्ही त्या मागे सारत होतो. मुद्दाम नाही.

"आला का गुण?" ललिताने आप्पांना विचारलं.

"येईल," आप्पा भिंतीशी बोलले. "अजून पाय खाली आलेला नाही त्याचा."